घाणेरीचं बी खाणारी माशी

महाड-पोलादपूरकडे फळमाशी म्हटलं की आंबा आठवतो. वरून छान पिकलेला आंबा कापावा आणि आत अळ्या वळवळाव्यात! तिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा काढला, तो बागायतदारांना ठाऊक आहे. या माशीचे भाऊबंद रानफुलांतही राहतात. त्यांना गराचं सोयरसुतक नाही, त्यांना बी हवं असतं.

फळमाश्यांच्या चार हजारांहून अधिक जातींपैकी कितीतरी सूर्यफुलाच्या कुळावर पोसतात. सह्याद्रीच्या उतारावरची सोनकी, बांधावरची एकदांडी, वरकस जमिनीतला कारळा हे सगळे त्याच कुळातले. मादी मिटलेल्या कळीत अंडी घालते. फूल नेहमीसारखं उमलतं, आत अळी कोवळं बी फस्त करते आणि बहुधा तिथेच कोष करते. बाहेर पडते ती नक्षीदार पंखांची इवली माशी. इथिओपियात कारळ्याच्या पिकाला अशी माशी छळते.

आपल्याकडे मात्र अशी एक माशी मुद्दाम आणली गेली, घाणेरीसाठी. ती फळमाश्यांच्या नव्हे, तर पानं पोखरणाऱ्या माश्यांच्या कुळातली. काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची. मूळ अमेरिकेतली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्यात आली आणि देशभर माजली. हवाई बेटांवर 1902 मध्ये तिच्यावर सोडण्यासाठी मेक्सिकोहून ही माशी नेली होती. तिथून 1921 मध्ये ती बंगळुरूला आली.

माशी भारतभर पसरली, पण घाणेरी हटली नाही. हिशेबच चुकला होता, असं मला वाटतं. अळी घाणेरीच्या फळाचा गर पोखरते, बी कुरतडते. तरी बरंच बी शाबूत राहतं. झुडूप जवळजवळ वर्षभर फुलतं-फळतं, काळी फळं बुलबुल खातात आणि बी दूरवर टाकतात. शिवाय तोडलेली घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते, तिथे बी खाणारी माशी काय करणार?

म्हणून आता घाणेरी जमिनीखाली मुळाशीच कापतात, आणि बुलबुल ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखालची रोपं पुढची काही वर्षं उपटत राहतात.