ट्रायपॉडच्या आधी पोचलेले देव

इगतपुरीत कॅमेरा घेऊन भटकणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. जिथे ट्रायपॉड उभा करावासा वाटतो, तिथे आपल्या आधी कुणीतरी येऊन शेंदूर लावून गेलेलं असतं. घाटाची चढण संपते तिथे घाटनदेवी, सगळ्यांत उंच शिखरावर कळसूबाई, गावाची शीव रानाला भिडते तिथे वाघदेव. या तालुक्यात वेळी-अवेळी हिंडून माझं मत आता पक्कं झालं आहे : जागा ओळखण्याची नजर आम्हा फोटोवाल्यांच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळी आणि ठाकर मंडळींकडे आहे.

माहितीपर लेख म्हटल्यावर माहिती द्यायला हवी, ती उरकून टाकतो. इगतपुरी नाशिक जिल्ह्यात, मुंबईहून रेल्वेने सुमारे १३५ किलोमीटरवर. थळघाटातून रेल्वे वर आली ती १८६५ साली. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिनं लागतात. पाऊस दणकून. पिकं भात, नागली, वरई. घोटीच्या गिरण्यांतला तांदूळ प्रसिद्धच आहे. झालं.

आता घाटनदेवी. जुन्या महामार्गाने घाट चढून आलेले ट्रकवाले आजही इथे हात जोडतात. देवळामागच्या कड्यावरून पावसाळ्यात दरी दिसतेच असं नाही. बरेचदा दिसतं ते नुसतं पांढरं धुकं, मधूनच फाटणारं. तेवढ्या फटीत डोंगर दाखवून पुन्हा मिटणारं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या घाट न बघताच पार होऊ लागल्या. वेळ वाचतो, नाकारत नाही. पण घाट चढल्याची जाणीवच नसेल, तर घाटाच्या देवीला हात कोण जोडणार?

‘अध्यात्म आणि इगतपुरी’ म्हटलं की बहुतेकांना धम्मगिरी आठवतं, आणि ते रास्तच आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ साली इथे विपश्यनेचं हे केंद्र उभं राहिलं. सोनेरी पॅगोडा गावातूनही नजरेत भरतो. शिबिर दहा दिवसांचं, पहाटे चारला घंटा, आर्य मौन, आणि मोबाइल-कॅमेरा आधीच जमा. समोर ढग उतरलेला डोंगर आणि हातात काहीच नाही, ही फोटोवाल्याला खरी शिक्षा! माझ्या ओळखीचे एक छायाचित्रकार शिबिराहून परतल्यावर महिनाभर कॅमेऱ्याला शिवले नाहीत. पुढे काढू लागले तेव्हा एका सकाळी शंभर फोटो काढणारा हा माणूस तीनवर थांबायला लागला. तीन चांगले असतात, हे सांगायला हवं.

त्रिंगलवाडीला मात्र कॅमेरा न्याच. किल्ल्याच्या पायथ्याशी जैन लेणं आहे. आत ऋषभनाथांची पद्मासनातली मूर्ती, आणि तिच्या बैठकीवरच्या लेखात शके १२६६, म्हणजे इसवी सन १३४४. लोक त्यालाही पांडवलेणं म्हणून मोकळे होतात. वर, कातळातल्या पायऱ्यांपाशी, दरवाजाशेजारी भला थोरला मारुती कोरलेला आहे.

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च. बारी गावाकडून जाणारी वाट अकोले तालुक्यातली, पण इंदोरे गावाकडून चढणारी वाट आपल्या इगतपुरी तालुक्यातली. कथा अशी की कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी आणि केर करणार नाही. एके दिवशी तिला ते काम करायला लावलंच, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. घरकामाला नकार दिलेल्या मुलीला राज्यातलं सगळ्यांत उंच देऊळ मिळालं, हे मला फार आवडतं. रविवारी शिखरावर सेल्फीसाठी लागणारी रांग तितकीशी आवडत नाही. नवरात्रात चढणाऱ्या गावकरी बायका बघा. त्या शिखरावर पोचून आधी देवीला भेटतात, मग घटकाभर टेकतात, आणि दृश्याकडे शेवटी बघतात.

पण माझा जीव अडकलाय तो वाघदेवात. लाकडाचा किंवा दगडाचा उभा खांब, फार तर दोन-तीन फूट. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, खाली वाघ, कुठे कुठे नागही. मंदिर नाही, छप्पर नाही. कधी एखाद्या झाडाचा आसरा, नाहीतर उघड्यावर. मला माहीत असलेल्या एका खांबावरचा वाघ इतका झिजलाय की दुपारी तो दिसतच नाही. सकाळी सातच्या सुमारास ऊन आडवं येतं, तेव्हा आधी शेपटी उमटते, मग पाठीचा बाक, आणि शेवटी उघडा जबडा. पंधरा-वीस मिनिटांत ऊन वर सरकतं आणि वाघ पुन्हा लाकडात जातो. कोरणाऱ्यानं डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोकं पाडली आहेत. त्यांतल्या एकात मुंगळ्यांनी घर केलंय.

हौशी मंडळींसाठी तंत्राचं थोडं. शेंदूर डिजिटल कॅमेऱ्याला नीट झेपत नाही. लाल रंगाची वाहिनी आधी भरून वाहते आणि कोरीवकाम सपाट भगव्या डागात बुडतं. हिस्टोग्राममध्ये लाल रंग वेगळा बघा आणि एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली घ्या. ड्रोनचं इथे काम नाही. उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेली वारी ‘पाहावा विठ्ठल’ या पुस्तकात बघायला मला आवडते, पण वाघदेवापुढे ती उंची चालत नाही. दोन फुटी देवाचा सरळ फोटो हवा तर गुडघे टेकावेच लागतात. ओल्या गवतात गुडघे टेकून बसलो असताना मागून एक म्हातारबाबा म्हणाले, “सायेब, पाया पडताय का फोटू काढताय?” मी म्हटलं, “दोन्ही, बाबा.” त्यांना ते पटलं. बिडी पेटवून ते ऊन येईपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिले.

अश्विन वद्य द्वादशी. शहरात आपण वसुबारस म्हणून दिवाळीची पहिली पणती लावतो, इथे त्याच दिवशी वाघबारस. गुराखी घरोघरचं धान्य गोळा करतात, वाघदेवाला शेंदूर लावून नारळ फोडतात, रानातच खीर-भात शिजतो. एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला पळवतात आणि पुन्हा आमच्या शिवारात येणार नाहीस ना, असं वदवून घेतात. एकाच तिथीला गाईची पूजा आणि गाय खाणाऱ्याचीही! माझ्या मते निसर्गाशी इतका सरळ व्यवहार दुसऱ्या कुठल्या सणात नाही. वाघाला नष्ट करा अशी मागणी यात नाही; तू तुझ्या हद्दीत राहा, आम्ही आमच्या, एवढंच.

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. पट्टेरी वाघ या डोंगरांतून गेले, बिबटे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये इगतपुरी भागात एका मादीनं चक्क झोपडीत चार पिल्लांना जन्म दिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची, म्हणजे या वाघदेवाचीच, दीडशे ठाणी नोंदली गेली. आमच्या बाजूची अशी नोंद कुणीतरी मनावर घेऊन करायला हवी, कारण लाकडी खांब पावसात कुजतात आणि त्यांच्या जागी ऑइलपेंटचे सिमेंटचे वाघ येऊ लागले आहेत. त्यांनाही लोक तितक्याच भक्तीने नारळ फोडतात, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

वाघबारशीला जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका, नारळ न्या. फोटो काढण्याआधी विचारा. आणि काढलेला फोटो नुसता मोबाइलवर ठेवू नका. त्याची प्रत छापून पुढच्या खेपेला त्या पाड्यावर नेऊन द्या.