वकिलाला सांगितलेलं आणि मोबाइलने ऐकलेलं

डॉक्टरपाशी आणि वकिलापाशी काही लपवू नये, हे आपण सगळ्याच ऐकत आलो आहोत. पण सांगितलेलं त्यांच्यापाशीच राहतं का, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. पूर्वी डहाणूला वकिलाकडे जायचं म्हणजे समोर बसून बोलायचं आणि कागदांची पिशवी पुढे करायची. आता तलासरीहून खेपा नकोत म्हणून सातबारा, नोटीस, दवाखान्याचे कागद, सगळं व्हॉट्सअॅपवर जातं. सोय झाली, खरंच झाली! एसटीचं भाडं वाचलं, दिवसाचा खाडा टळला. तरी भगिनींनो, या सोयीला एक भोक आहे, आणि ते बहुधा वकिलाच्या नव्हे, आपल्या बाजूला असतं.

आधी कायदा बघू. १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं तेच संरक्षण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आलं आहे. पक्षकाराने कामापुरतं जे सांगितलं, ते त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला बाहेर सांगता येत नाही. केस संपली, वकील बदलला, तरी नाही. फी सासऱ्यांनी भरली म्हणून सुनेचं बोलणं त्यांच्या कानी घालायचं, असंही नाही. अपवाद आहेत. बेकायदा काम साधण्यासाठी सल्ला घेतला, किंवा वकीलपत्र दिल्यानंतर केलेला गुन्हा वा फसवणूक वकिलाच्या नजरेस आली, तर हे कुलूप उघडतं.

आपल्या भागाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढेच आहे. हेच बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि दुभाष्यावरही आहे. वारली बोलणाऱ्या बाईचं म्हणणं वकिलाला मराठीतून समजावून देणारा माणूसही या बंधनात येतो. सोबत आलेला पुतण्या मात्र दुभाषी म्हणून बसला की नुसता ऐकायला, यावर उद्या वाद होऊ शकतो. म्हणून त्याला बाहेरच्या बाकावर बसवलेलं बरं!

आता या यादीत कोण नाही ते बघा. झेरॉक्सवाला नाही. प्रिंट काढायला त्याच्या नंबरवर पाठवलेला अर्ज त्याच्या फोनात तसाच राहतो. मोबाइल दुरुस्तीवाला नाही. आईचा फोन हाताळणारा मुलगा नाही. आणि नवरा तर नाहीच.

बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा महामार्गासाठी या दोन्ही तालुक्यांत जमिनी गेल्या. मोबदल्याचा पैसा आला की भाऊबंदकीही पाठोपाठ येते. समजा, एखाद्या बाईने वकिलाला मेसेज केला, ‘कोर्टात जास्त मागा, पण इतक्यावर मी मिटवीन.’ तोच मेसेज दिराने वाचला, तर तिच्या हातात उरलं काय? वकिलाने काही फोडलं नाही, त्याला दोष देता येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर तिचं व्हॉट्सअॅप उघडं राहिलं होतं, एवढंच. तेव्हा आज दुपारी भांडी आवरल्यावर व्हॉट्सअॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. कागदांचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या एकाच गुगल खात्यात जात नाहीत ना, तेही बघा.

नवराबायकोचा वाद असेल तर जास्तच जपा. जोडीदाराने चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२५ ला ठरवलं. वकिलाला फोन करायचा तो माहेरून, नाहीतर देवळाच्या ओट्यावरून करा, स्वयंपाकघरातून नको.

वकिलांच्या यंत्रांचाही विचार कोर्टाने केला आहे. तपास अधिकारी थेट वकिलांनाच बोलावू लागले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात त्याला लगाम घातला. वकिलाचा मोबाइल वा कॉम्प्युटर हवा असेल तर तो कोर्टापुढेच हजर करायचा, पक्षकार आणि वकील यांच्या समक्षच उघडायचा, आणि इतर पक्षकारांची गुपितं उघडी पडू द्यायची नाहीत. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण एका वकिलाच्या फोनात अख्ख्या तालुक्याचे संसार असतात.

आणखी एक नवं खूळ म्हणजे, ‘माझी केस जिंकेल का?’ हे चॅटजीपीटीला विचारणं. ते वकीलही नाही आणि वकिलाचा कारकूनही नाही. वकिलाशी बोलताना मिळतं तसं कायद्याचं संरक्षण या गप्पांना नाही, हे ते काढणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम आल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितलं. काही वकीलही मराठी मजकुराचं इंग्रजी करायला अशी साधनं वापरतात. वापरू देत, पण तुमचं नाव, गाव, गट नंबर त्यात घालतात का, हे विचारायला लाजू नका. ‘साहेब, माझे कागद कोणाच्या फोनात असतात?’ एवढं विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर तेही कळलेलं बरं. गुपित खरोखरच फोडलं तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गावातल्या ‘जाणकारा’ला सगळं सांगत बसू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. त्या वकिलावरही गुप्ततेचं बंधन तेच आणि तेवढंच असतं. अर्जावर मोबाइल नंबर लिहाल तो मात्र स्वतःचा लिहा, मुलाचा नको.