साखर, सहरी आणि सबुरी

आमच्या दस्तरखानावर यंदा एक नवा पाहुणा आहे. खजुराची बशी, कलिंगडाच्या फोडी, सरबताचा जग आणि गरम भज्यांचे ताट यांच्या शेजारी एक छोटी काळी पिशवी ठेवलेली असते. तिच्यात ग्लुकोमीटर आहे. मगरीबच्या अजानला दहा मिनिटे उरली की मी बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीला लावतो आणि घरातले सगळे आकड्याची वाट बघतात. नातू तर पडद्याबरोबर मोठ्याने मोजतो, पाच, चार, तीन, दोन, एक. जणू रॉकेट सुटणार आहे.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘सर, रक्त काढल्यावर रोजा मोडत नाही का?’ हा प्रश्न अनेक मुस्लिम घरांतही विचारला जातो. उत्तर सरळ आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे उलेमांनी सांगितलेले आहे. तरीही कितीतरी रोजेदार दिवसभर मशीनला हात लावत नाहीत. काहींना रोजा मोडण्याची भीती वाटते, काहींना आकड्याची. मी दुसऱ्या गटातला होतो.

सहा वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका आरोग्य शिबिरात माझी उपाशीपोटीची साखर १६२ निघाली. १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाची शंका पक्की होत जाते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती ७.९. साडेसहाच्या पुढे मधुमेह. मला हे पटेना. मी किडकिडीत माणूस. तेहतीस वर्षे शाळेत उभे राहून शिकवलेले, सायकलवर फिरलेलो. मधुमेह म्हणजे ढेरपोट्यांचा आजार, अशी माझी समजूत.

ती चुकीची होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर दोघांचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार अशी आपल्याकडची अनेकांची ठेवण असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या गर्दीत एक किडकिडीत मास्तर असणारच.

मग मी पेटून कामाला लागलो. चहातली साखर बंद. रोज पहाटे गणेश तलावाला चाळीस मिनिटे फेऱ्या. भात आठवड्यातून दोनदा. सहा महिन्यांनी सरासरी ६.५ वर आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि मी पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा घरी आलो.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. फेऱ्या त्याच, ताट तेच, आणि आकडा मात्र आपल्या मर्जीचा मालक. सोमवारी दोन भाकऱ्या, मेथीची भाजी आणि ताक घेतल्यावर दोन तासांनी १३४. गुरुवारी तंतोतंत तेच जेवण आणि १८१. रात्री आठला जेवून सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेतले नाही, तरी झोपताना ११८ असलेली साखर उठल्यावर १४९. न खाता साखर वाढते म्हणजे काय? डॉक्टरांनी समजावले की पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. निरोगी माणसात इन्सुलिन तिला आवरते, आपल्यात ते कमी पडते. झोप कमी झाली, सर्दी-ताप आला, मनाला घोर लागला, तरी साखर वर जाते. हे कळले तेव्हा बरे वाटले आणि रागही आला. ताटावर माझा ताबा आहे, यकृतावर कसा ठेवायचा?

त्यात सल्ल्यांचा पाऊस. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचे पाणी. कोणी म्हणाले खपली गहू खा, साखर पळते. महाग होता तरी आणला. साखर पळाली नाही, उलट वाढली. कारण औषध समजून मी दोनऐवजी चार चपात्या खात होतो. खपली असो की ज्वारी, पिठात पिष्ट असतेच आणि पिष्टाची साखर होतेच. धान्य बदलण्याइतकेच किती खातो हे मोजावे लागते, आणि मोजणे कोणालाच आवडत नाही. लग्नाच्या पंगतीत, वलिम्याच्या बिर्याणीपुढे, ‘एक दिवसाने काय होतंय’ म्हणणाऱ्या आतेभावासमोर रोज नाही म्हणायचे. हे ‘नाही’ चालण्यापेक्षा जास्त दमवते.

चौथ्या वर्षी सरासरी पुन्हा ७.८ झाली. गोळी वाढली. मी डॉक्टरांना म्हणालो, ‘साहेब, मी काहीही चोरून खाल्लेले नाही.’ ते म्हणाले, ‘तुम्ही असे का सांगताय? मी विचारले का?’

मी असे का सांगत होतो, ते मला बसमधून घरी येताना उमगले. मला अब्बा आठवले होते.

अब्बांना मधुमेह होता. त्या काळी घरात मशीन नव्हते, पंधरा दिवसांतून एकदा दवाखान्यात जायचे. अकरा वर्षे त्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. ईदला सगळ्यांना शीरखुर्मा वाढायचे आणि स्वतः वाटीला हात लावायचे नाहीत. एकदा चपलेचा अंगठा घासून पायाला जखम झाली. संवेदना कमी झाल्याने दुखलेच नाही, म्हणून बघितले गेले नाही. शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी बसून हळू आवाजात म्हणायचा, ‘गोड सोडवत नसेल बिचाऱ्यांना.’ अब्बा ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. तेव्हा मीही मनात तेच म्हणालो होतो. त्यांना कधी विचारलेही नाही.

या आजाराचा हा भाग औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. ताप आला तर माणूस आजारी असतो, साखर वाढली तर तो गुन्हेगार ठरतो. डॉक्टरांनी मला सांगितले की मधुमेहाचे निदान होते तेव्हाच स्वादुपिंडाची बरीच ताकद गेलेली असते आणि वर्षांगणिक ती आणखी कमी होत जाते. म्हणून तेच पथ्य पाळूनही पुढे गोळी वाढते, कधी इन्सुलिन लागते. पथ्य आणि चालणे यांनी ही घसरण सावकाश होते, डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वाचण्याची शक्यता वाढते. ते करायचेच. पण आकडा म्हणजे आपल्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

हे मला डोक्याने पटले होते. मनाने पटायला गेल्या वर्षीचा रमजान लागला.

रमजानच्या आधी डॉक्टरांकडे गेलोच नाही. ते नको म्हणतील ही भीती होती. सकाळची गोळी मी आपल्या मनाने सहरीला घेऊ लागलो. सहरी म्हणजे पहाटेच्या अजानपूर्वीचे जेवण. सोळा रोजे नीट गेले. सतराव्या दिवशी दुपारी साडेचारला बाजारात फळे घेताना हाताला कंप सुटला, कपाळाला घाम आला. रोज्याचा थकवा समजून तसाच घरी आलो. दारात काकू उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी बायकोला हाक मारली. मशीन लावले तर साखर ५८.

बायकोने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ग्लास पुढे केला. मी तोंड फिरवले. ‘दोनच तास राहिलेत,’ म्हणालो. काकू, ज्या माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, ‘सर, दोन तासांनी तुम्ही राहिलात तर रोजा सोडाल ना?’ मी ग्लास घेतला. प्यायलो आणि लहान मुलासारखा रडलो. पंधरा मिनिटांनी साखर ९२ झाली, पण मला वाटत होते, आता दोन्ही परीक्षांत नापास झालो. साखरेच्याही आणि ईमानाच्याही.

रात्री तरावीहच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठले. त्यांनी आठवण करून दिली की रोज्याचा आदेश कुरआनमध्ये जिथे आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. राहिलेले रोजे नंतर, बरे असताना ठेवावेत. ज्याला बरे होण्याची आशाच नाही, त्याने प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, त्याला फिदिया म्हणतात. जिवाला धोका असताना रोजा सोडणे हा गुन्हा नाही. त्या एका रोज्याच्या बदल्यात एक रोजा ठेवायचा, बस. मग हसून म्हणाले, ‘सर, देणाऱ्याने सवलत दिली. ती परत करणारे तुम्ही कोण?’

यंदा दीड महिना आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली, एक गोळी बंद करून दुसरी दिली. आणि नियम घातले. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली की घड्याळ न बघता रोजा सोडायचा. चक्कर, थरकाप, गोंधळल्यासारखे वाटले तरी तेच. सहरी चुकवायची नाही, आणि ती शक्य तितकी उशिरा करायची. इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पीत राहायचे. दिवसा फेऱ्या बंद, विशेषतः मगरीबच्या आधी. चालायचे ते इफ्तारनंतर. तरावीहच्या वीस रकातींत उठणे, वाकणे, बसणे एवढे होते की तोही व्यायामच. हा माझा हिशेब आहे, तुमचा वेगळा असेल. ज्यांची साखर वरचेवर एकदम खाली जाते, ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत, ज्या गरोदर बहिणींना इन्सुलिन चालू आहे, त्यांना डॉक्टर बहुधा रोजा नकोच म्हणतील. त्यांचे ऐकावे.

इफ्तारला एक खजूर, पाणी आणि थोडे फळ घेतो. खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून एकच. भजी एखादे. नमाज पढून मग जेवण, मग घरासमोरच्या गल्लीत पंधरा मिनिटे फेऱ्या. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरची ही पंधरा मिनिटे सोन्यासारखी. चाचणीची पट्टी महाग पडते, पण रमजानच्या खर्चात मी कपड्यांऐवजी तिचे पैसे धरले आहेत.

काकूही आता माझ्याबरोबर चालतात. त्यांनाही मधुमेह आहे, हे मला गेल्या वर्षीच्या त्या दुपारनंतर कळले. बारा वर्षे शेजारी राहून कळले नव्हते. त्यांच्या एकादशीची गोष्ट निराळी. ‘उपवास माझा आणि साखर वाढते साबुदाण्याच्या खिचडीने,’ असे त्या सांगतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. नवरात्रात नऊ दिवस त्या गोळ्या अंदाजाने घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. का, विचारले तर म्हणाल्या, ‘ओरडतील.’ मला हसू आले. मीही तेच म्हणालो होतो. आता त्यांनी पुढच्या नवरात्राआधी डॉक्टरांकडे जायचे कबूल केले आहे. सोबत मी जाणार आहे, साक्षीदार म्हणून.

वाचकहो, रमजानला सब्रचा महिना म्हणतात. आपल्या मराठीत तिला सबुरी म्हणतात. भूक सहन करणे म्हणजे सब्र, असे मी आयुष्यभर समजत आलो. पण भूक संध्याकाळी संपते. रोज नीट वागूनही मनासारखा आकडा येत नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट वागायचे, ही सबुरी जास्त अवघड. तिला इफ्तार नाही. तुमच्या घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्याच्या ताटाकडे बघण्याआधी त्याला विचारा, आज कसे वाटतेय. आम्ही अब्बांना एवढेही विचारले नाही.

माझी एक वही आहे. तारीख, रोजा, आकडे, काय खाल्ले, किती चाललो, सगळे तिच्यात लिहितो. यंदा नवव्या रोज्याला दुपारी पाच वाजता आकडा ६६ आला. इफ्तारला पावणेदोन तास होते. बायकोने काही म्हणण्याआधी मीच उठून साखरेचा डबा काढला. नातवाने विचारले, ‘दादाजान, हरलात का?’

‘नाही रे,’ मी म्हणालो, ‘सवलत घेतली.’

त्या दिवशी वहीत लिहिले आहे : ६६. रोजा सोडला. थंडीत दिवस लहान असतात, तेव्हा ठेवीन.