पाण्यात उघडणारा दगड

क्योतोत धारेच्या नैसर्गिक दगडांचा जुना व्यापारी गाठला, तर तो आधी तुमची सुरी मागतो. दगडांचं बोलणं नंतर. पातं एकेरी धारेचं की दुहेरी, पोलाद साधं की स्टेनलेस, याआधी कशावर घासलेलं आहे, हे तो उजेडात तिरकं धरून बघतो आणि मग फडताळातून चार-पाच ठोकळे काढून पाण्याच्या टबाशेजारी मांडतो. कोरडे असताना सगळे एकाच मळकट राखी रंगाचे. वर ओंजळभर पाणी पडलं की एक फिकट पिवळा होतो, दुसरा हिरवट निळा, तिसऱ्यात जांभळट ठिपक्यांची नक्षी वर येते. माझ्याकडे नाकिरी होती, म्हणजे भाजी चिरायची चौकोनी पात्याची सुरी, साध्या कार्बन पोलादाची. म्हाताऱ्या मालकांनी ती हातात घेतली, मधलं कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंचं मऊ लोखंड जिथे जुळतं ती नागमोडी रेघ नखाने दाखवली आणि म्हणाले, "हिला फार कडक दगड नको."

हा दगड क्योतोच्या डोंगरातून निघत असला तरी तिथे तयार झालेला नाही. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, किनाऱ्यापासून फार दूर, खोल महासागराच्या तळावर त्याचा गाळ बसत होता. इतक्या लांब नदीची वाळू पोचत नाही. पोचते ती वाऱ्यावर उडत आलेली धूळ, आणि वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांचे सिलिकाचे सांगाडे. एरवी हे सांगाडे इतके साचतात की त्यांचा चर्ट बनतो. तो गारगोटीसारखा टणक, आणि या कामाला निरुपयोगी. पण पर्मियन आणि ट्रायासिक या दोन कालखंडांच्या सीमेवर पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा आजवरचा सर्वांत मोठा नाश झाला. रेडिओलेरियाही त्यात जवळजवळ संपले, आणि पुढची कैक लाख वर्षं त्या तळावर चर्ट बसलाच नाही. बसत राहिली ती नुसती बारीक माती आणि तिच्यातले क्वार्ट्झचे सूक्ष्म कण. हजार वर्षांत फार तर काही मिलिमीटर, या गतीने. पुढे तो सागरतळ सरकत सरकत आशियाच्या कडेखाली गेला, वरचा गाळ खरवडला जाऊन भूखंडाला चिकटला, आणि आज क्योतोच्या वायव्येला, जुन्या तान्बा प्रांतात, तो डोंगर होऊन उभा आहे. जपानी भूवैज्ञानिक या थराला 'तोइशी' प्रकारचा खडक असंच म्हणतात. तोइशी म्हणजे धारेचा दगड. म्हणजे ज्या दगडावर हल्ली काकडीसाठी सुरी पाजळली जाते, तो त्या महाविनाशानंतरच्या रिकाम्या समुद्राचा गाळ आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थराचा जन्म याच्या अगदी उलट. तो लाव्हारस थिजून झालेला. टाकी लावून त्याचा पाटा छान होतो, पण नाजूक पात्याला असली शेवटची धार त्यावर लागायची नाही.

क्योतो हजारेक वर्षं राजधानी होती, तलवारी, रंधे, वस्तरे, सगळ्यांना धार हवी होती, आणि दगड शहराच्या उशाशी सापडत होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस होन्मा घराण्याला या दगडाची सनद मिळाली, असं परंपरा सांगते. उमेगाहाता परिसरातल्या नाकायामा, ओझुकु, शोबुदानी या खाणींची नावं आजही जाणकार देवस्थानांच्या आदराने घेतात. यातल्या बहुतेक खाणी विसाव्या शतकात बंद पडल्या. बोगदे अरुंद, थर तिरके, काम हाताचं, आणि बाहेर काढलेल्या मालातला बराचसा टाकाऊ. तेवढ्यात कृत्रिम दगड आले.

या कृत्रिम दगडांविषयी नैसर्गिक दगडांचे शौकीन नाक मुरडून बोलतात. मला ते पटत नाही. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने सिलिकॉन कार्बाइड बनवलं आणि धारेच्या धंद्याची तऱ्हाच बदलली. आज १००० नंबरचा दगड घेतला की त्यातले कण ठरावीक मापाचे असतात, आज घेतलेला आणि पुढल्या वर्षी घेतलेला सारखाच वागतो, आणि पोलाद भराभर कापतो. धार लावण्याचे तीन टप्पे धरतात: भरड दगडावर पात्याचा आकार काढायचा, मधल्यावर धार आणायची, शेवटच्यावर ती तासून-पुसून नीट करायची. पूर्वी मधल्या टप्प्याला कुमामोतोकडचा आमाकुसा किंवा क्योतोशेजारच्या कामेओकाचा निळसर आओतो वापरत. अजूनही वापरतात, पण पहिले दोन टप्पे बहुतेक व्यावसायिक कृत्रिम दगडांवरच उरकतात. ज्या दगडासाठी लोक क्योतोपर्यंत येतात तो तिसऱ्या टप्प्याचा, आवासेदो. त्याचं काम अगदी शेवटचं आणि थोड्या वेळाचं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मालकांनी माझी नाकिरी आधी मधल्या दगडावर घासून घेतली आणि मग एक फिकट पिवळा दगड पुढे ओढला. नैसर्गिक दगड पाण्यात भिजत ठेवायचा नसतो. गाळाचे थर एकमेकांवर बसलेले, पाणी आत मुरलं की तो थरांमध्येच उकलू शकतो. वर नुसतं शिंपडायचं. मग त्यांनी त्याच जातीच्या दगडाचा आगपेटीएवढा तुकडा, तोमोनागुरा, घेतला आणि ओल्या पृष्ठावर गोल गोल फिरवला. थोड्या वेळात ताकासारखा पातळ चिखल जमला. खरं काम हा चिखल करतो. दगड ही फक्त त्याची बैठक. पात्याची उतरती बाजू त्यावर सपाट टेकवायची, डाव्या हाताची दोन बोटं अगदी धारेच्या मागे ठेवायची, आणि पुढे ढकलताना दाब, मागे घेताना हात सैल. दाब बोटांखाली जिथे असतो तेवढाच भाग घासला जातो, म्हणून बोटं पात्याच्या टाचेपासून टोकाकडे हळूहळू सरकवत न्यायची.

मग त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. कृत्रिम दगडावर खर्र खर्र असा एकसुरी आवाज येतो. इथे आवाज जवळजवळ नाही, मऊ घसरण आहे, आणि अधूनमधून पातं दगडाला चिकटल्यासारखं होतं. चिखल पांढरट होता तो राखी झाला, मग काळा. तो काळेपणा पोलादाच्या किसाचा. मी पाण्याचा मग उचलला. "थांबा," मालक म्हणाले, "आत्ता कुठे तो कामाला लागलाय." चिखल धुवायचा नाही. फार सुकला तर बोटाने दोन थेंब सोडायचे. घासता घासता त्यातले कण आणखी बारीक होत जातात, असं या धंद्यातले सगळे मानतात, आणि हाताला तरी तसंच लागतं. सुरुवातीची किंचित खरखर शेवटी पार नाहीशी होते. मातीचा वास मात्र शेवटपर्यंत येत राहतो, पहिल्या पावसाच्या वासाच्या जवळचा.

धुऊन पुसलेलं पातं उजेडात धरलं, तर त्याचे दोन भाग झालेले. धारेलगतची पोलादाची पट्टी काळसर चमकदार, वरचं लोखंड धुकट, मंद, ओरखड्याशिवाय. या धुकटपणाला जपानी लोक कासुमी म्हणतात. कृत्रिम दगडावर बहुधा मऊ लोखंडावर रेघोट्या उठतात, किंवा दोन्ही भाग सारखेच चकाकतात. नैसर्गिक दगडातले कण लहानमोठे, कडा बोथट, मातीत रुतलेले. ते मऊ लोखंडाला उथळ टिपके देतात आणि कडक पोलादावर फारसे खोल जात नाहीत. डोळ्यांना दिसणारा हा फरक निर्विवाद आहे.

इतर दाव्यांविषयी मी सावध आहे. साशिमी कापणारे आचारी सांगतात की अशा दगडाची धार जास्त टिकते, माशाच्या कापाला तकाकी येते, चवही बदलते. लांब यानागिबा सुरीने एका ओढीत कापलेला तुकडा मी पाहिलाय, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होता. पण त्यातलं श्रेय दगडाचं किती आणि त्या आचाऱ्याच्या मनगटाचं किती, हे सांगणं मला जमणार नाही. आणि एक मर्यादा तर कठीणपणाचीच आहे. दगडात कापणारा कण क्वार्ट्झचा, मोह्झच्या मापावर ७. पाणी दिलेल्या साध्या कार्बन पोलादाला तेवढं पुरतं. पण स्टेनलेसमधली क्रोमियमची किंवा आधुनिक पावडर पोलादातली व्हॅनेडियमची कार्बाइडं क्वार्ट्झपेक्षा खूपच कठीण. दगड त्यांच्या भोवतालचं पोलाद झिजवतो, त्यांना कापत नाही. महागडी स्टेनलेस सुरी घेऊन त्याहून महाग दगडावर तासभर घासणारे लोक असतात. त्यांचा व्यायाम होतो.

तलवारीची गोष्ट वेगळी. तिथे धारेइतकंच महत्त्व पोलादाची वीण आणि पाणी दिल्याची नागमोडी रेषा उघडी करण्याला आहे. त्यासाठी कामेओकाजवळच्या ओहिरा खाणीचा उचिगुमोरी हा दगड लागतो. तो नखासारखा पातळ तासतात, मागे लाखेने कागद चिकटवतात, आणि तो चिमूटभर तुकडा अंगठ्याखाली धरून तलवारीवर फिरवतात. या कामात कृत्रिम दगडाने अजून तरी त्याची जागा घेतलेली नाही. सुतारही तितकेच चोखंदळ. लाकडाची काही मायक्रॉन जाडीची सोलपटं काढायच्या त्यांच्या स्पर्धा होतात, आणि रंध्याच्या पात्याला शेवटचा हात कोणत्या दगडाचा द्यायचा यावर वाद रंगतात.

आता जमवण्याविषयी. हा नाद लागायला दगडाचं रूपच पुरेसं आहे. कमळाच्या पाकळ्यांसारखे गुलाबी-जांभळे डाग असले की रेंगे, कावळ्याच्या पिसासारखी काळी छटा असली की कारासु, थर कुठला त्यावरून तोमाए, आइसा, सुइता. सुइतात बारीक भोकं असतात आणि तो बहुधा झपाट्याने कापतो. नाकायामाचा मोठा, बिनडागी, शिक्का असलेला ठोकळा लाख येनांच्या वर सहज जातो. शिक्क्याला भाव आहे हे कळल्यावर खोटे शिक्केही आले. जुन्या दगडावर नव्या शाईचा शिक्का मारणं अवघड नाही. आणि खरा शिक्का असला तरी तो एवढंच सांगतो की दगड कुठून निघाला. एकाच खाणीच्या एकाच थरातले दोन तुकडे शेजारी ठेवले तर एक लोण्यासारखा चालतो आणि दुसरा नुसता घसरतो. रंगाचं आणि डागांचंही तेच. रेंगे दिसायला सुरेख, पण त्याने पातं जास्त लागतं असं मला तरी आढळलेलं नाही.

बघायचं असतं ते वेगळंच. दगडावर आडव्या जाणाऱ्या रेषांना सुजी म्हणतात. नख फिरवून पाहायचं, नख अडलं तर पातंही अडेल. काही रेषा निरुपद्रवी असतात, काही धारेला दाते पाडतात. हारी म्हणजे सुईसारखा कठीण कण. तो दिसत नाही, घासतानाच हाताला टोचल्यासारखा कळतो, आणि टोकदार हत्याराने कोरून काढावा लागतो. कडेला उभी चीर आहे का, थर सुटायला लागलेत का, हे बाजू ओल्या करून बघावं. पाणी वाळताना चिरेतली ओल मागे राहते आणि रेघ स्पष्ट होते.

बाजूंना लेप द्यावा लागतो, नाहीतर पाणी शिरतं आणि थंडीत ते गोठलं की दगड फुटतो. पूर्वी खरी लाख लावत. आता पुष्कळजण काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेला, जपानमध्ये काश्यू नावानेच मिळणारा लेप लावतात. ज्यांनी वेंगुर्ल्याकडे काजू भाजलेत त्यांना हे तेल हाताची कातडी कशी सोलवटतं ते ठाऊक असेल. जपानी दगडाच्या अंगावर तेच बिनबोभाट बसतं.

क्योतोत जुने दगड देवळांच्या बाजारातही मिळतात. तोजीच्या देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला, कितानो तेन्मान्गूच्या आवारात २५ ला. मधोमध होडीसारखे खोल गेलेले, तेलकट, कुणा सुताराच्या पेटीतून निघालेले. असा दगड घेणं जुगार आहे, पण स्वस्तातला, आणि सपाट करून घेतल्यावर कधी कधी आतून फार चांगला माल निघतो. कामेओकाला या दगडांचं छोटं संग्रहालय आहे. खरेदीच्या आधी तिथे जाऊन यावं, डोळा तयार होतो.

तुमच्या घरी स्टेनलेसच्या सुऱ्या असतील तर यातलं काहीच विकत घेऊ नका. १००० नंबरचा एक कृत्रिम दगड आणून दर पंधरा दिवसांनी वापरलात तर सगळं स्वयंपाकघर सुधारेल. कार्बन पोलादाची सुरी असेल आणि जपानला जाणं होणार असेल, तर ती सामानात, चेक-इन बॅगेत, नीट गुंडाळून न्या. दुकानात तिच्यावरच दगड घासून बघायला मागा. चांगला व्यापारी नाही म्हणत नाही. आणि पहिला दगड कोप्पा घ्या, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचा उरलेला तुकडा. काही हजार येनांत मिळतो, आणि धारेला आकाराशी देणंघेणं नसतं.