बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

सकाळी चावी फिरवावी तर सेल्फ नुसता 'टक्' करतो, पण आतला दिवा मात्र लागतो. जुन्या गाडीचा मालक लगेच म्हणतो, बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच 'टक्'. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सर्वांत नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. अशा गाड्यांत बॅटरीवर आळ येतो आणि दोष भलतीकडेच असतो.

वसई तालुक्यातल्या जूचंद्रमध्ये तर वायरच्या जोडांवर आधी संशय घ्यावा. खाडी जवळ, नायगावच्या बाजूला मिठागरं, त्यात चार महिन्यांचा पाऊस. धातूवर बसलेला मिठाचा सूक्ष्म थर हवेतली ओल धरून ठेवतो. बॅटरीची काळी वायर, म्हणजेच अर्थिंग, बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, की गंज लवकर धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, खाली वायरच्या टोकाचं थिंबल हिरवं पडलेलं असतं.

मग दिवा कसा लागतो? कारण दिव्याला अर्धा-एक ॲम्पिअर पुरतो, सेल्फला शंभराच्या आसपास किंवा जास्त लागतात. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०२ ओहम धरा. दिव्याच्या वाटेत त्याने काहीच बिघडत नाही. सेल्फच्या १०० ॲम्पिअरला मात्र त्याच जोडावर २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून दिवा लागला याचा अर्थ वायरिंग ठीक आहे, असा कधीच घेऊ नये.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. अर्धी-रिकामी निघाली तर आधी चार्ज करून घ्या. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहिली तर एक सेल बसला आहे, तिथे नवी बॅटरी घेण्यावाचून इलाज नाही. आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या खाली कोसळली तर ती थकली आहे, किंवा सेल्फच अडकून जादा करंट ओढतोय. पण ती १२ च्या वरच राहिली आणि सेल्फ फिरला नाही, तर बहुधा पुरेसा करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

तो कुठे अडतो, हेही मीटरच सांगतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा; वायरच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या कोऱ्या धातूवर. सेल्फ मारताना आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास हवा. १ दिसला तर दोष अर्थिंगमध्ये. मग दुसरं टोक क्लॅम्पवर, थिंबलवर, बॉडीवर असं एकेक ठिकाणी धरत जा. जिथे आकडा उडी मारतो, तोच जोड खराब. पॉझिटिव्ह बाजूलाही खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत असंच मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं.

जोड सापडला की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट कसा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. वायर कव्हरच्या आतपर्यंत हिरवी असेल तर साफ करत बसू नका, बदला. या दुरुस्तीचा खर्च नव्या बॅटरीपुढे काहीच नाही.

आता चार्जिंग. गॅरेजमध्ये ज्याला अजून डायनामो म्हणतात, तो खरं तर अल्टरनेटर. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावूनही आकडा १३ च्या वर राहायला हवा. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचं पाणी उकळून आटणार. आकडा १२.५ लाच अडला तर डायनामो उतरवण्याआधी बेल्टचा ताण पाहा. मग चावी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का ते पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की चांगला डायनामोही गप्प बसू शकतो. हे दोन्ही ठीक असतील तर कार्बन, रेग्युलेटर, डायोड तपासा.

एक सवय मात्र सोडायलाच हवी: चालू इंजिनवर बॅटरीची वायर उपटून 'डायनामो चालतो का' बघायची. जुन्या खऱ्या डायनामोच्या काळात ती रूढ झाली. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळू शकतात, इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमसुद्धा.

चार्जिंग ठीक, तरी दोन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी डाऊन होत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद करून निगेटिव्ह खांब आणि त्यावरून काढलेली वायर यांच्यामध्ये मीटर १० ॲम्पिअरवर जोडा, आणि तो जोडलेला असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतं. ३०० निघाले तर ४८ तासांत १४ ॲम्पिअर-तास जातात, ३५ च्या बॅटरीतले. एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडतो, त्या वाटेवर दोष. कुठल्याच फ्यूजने पडला नाही तर डायनामोचा डायोड तपासून घ्या.

वायरमनकडे गाडी द्याल तेव्हा उभ्या बॅटरीचे, सेल्फ मारतानाचे, अर्थिंगचे आणि चार्जिंगचे आकडे कागदावर लिहून मागा. ते हातात येईपर्यंत नवी बॅटरी घेऊ नका.