दोन त्रिकोण आणि एक गोल म्हणजे वारली?

पालघर-बोईसरकडे हॉटेलच्या भिंतीपासून लग्नपत्रिकेपर्यंत वारली चित्रकला दिसते, आणि पाहणारा हमखास म्हणतो, “सोपं आहे हो! दोन त्रिकोण, एक गोल, चार काड्या.” हल्ली त्याला शेपूटही जोडलेलं असतं: “एवढे आकार शिकवले की संगणकही वारली ओळखेल.”

नाही ओळखणार! तेच दोन त्रिकोण पायाला पाया लावून ठेवा, पत्त्यातली चौकट होते. टोकाला टोक लावून गोल बाजूला सरकवा, डमरू उरतो. आकार तेच, माणूस गायब. वरचा त्रिकोण उलटा, खालचा सुलटा, टोकं एकमेकांना टेकलेली आणि डोकं वर: या नात्यांमुळे माणूस होतो. प्रत्येक अवयव एक बिंदू आणि प्रत्येक नातं एक रेषा मानली, की तयार होतो तो ग्राफ. त्यातल्या कशाच्या जागी काय आणायचं आणि ते बाकीच्यांना कसं जोडायचं, हे सांगणारी नियमावली म्हणजे ग्राफ-व्याकरण.

तारपा नाच घ्या: मध्ये तारपा हे वाद्य वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांची साखळी. ‘साखळीच्या मोकळ्या टोकाला एक नाचणारा जोडा, आता मोकळं टोक त्याच्याकडे’ हा एकच नियम पुन्हापुन्हा लावला की वीस काय, दोनशे नाचणारे उभे राहतात. ओळखताना हेच नियम उलटे लावत मुळापर्यंत जायचं. शेजाऱ्याशी नातं आहेच, शिवाय प्रत्येकाचं मधल्या तारपावाल्याशीही आहे. म्हणून अक्षरांसारखी एका ओळीतली मांडणी अपुरी पडते.

व्याकरण फक्त भाषेला असतं, हा दुसरा हट्ट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आर. नरसिंहन यांनी १९६०च्या दशकातच बबल चेंबर या उपकरणात कणांनी सोडलेल्या मागांच्या छायाचित्रांसाठी असं व्याकरण मांडलं. गिफ्ट व राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४मध्ये तमिळ कोलम रांगोळीचं व्याकरण लिहिलं. त्यांनी ग्राफऐवजी चौकटींची जाळी वापरली, एवढंच.

ग्राफ म्हणजे एक्स-वाय आलेख? नाही. तारापूर एमआयडीसीतल्या कोणत्याही केमिस्टला रेणू काढायला सांगा: अणू बिंदू, बंध रेषा. मग डीप लर्निंगमुळे हे ग्राफ-व्याकरण मोडीत निघालं? ते चित्राला नाव पटकन देतं, रचना उलगडून सांगेलच असं नाही. पुसट भिंतीवर व्याकरण अडखळतं, हेही खरं.

आणि नियम सापडले म्हणजे कला सापडली, असं तर मुळीच नाही. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. तिची चौकट नियमात बसेल; लग्नविधी करणारी धवलेरी गाते ते बसणार नाही. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी लग्नचौकाबाहेरचं रोजचं जगणं कागदावर आणलं, ते आधीच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा वारली बघताना आकार मोजू नका. कोण कुणाला टेकलंय, कुणाचा हात कुणाकडे गेलाय, ते बघा.