रायफलीच्या नळीवरील आटे : एका मापपद्धतीचा अवशेष

मळसूत्र, पेच आणि स्क्रू हे तीन शब्द मराठीत एकाच वस्तूस लावले जातात. तिच्या अंगावर गुंडाळल्यासारख्या फिरत जाणाऱ्या कंगोऱ्यास कारखान्यात ‘आटा’ म्हणतात आणि तो कोरण्याच्या क्रियेस ‘आटे पाडणे’. आट्याचे वर्णन तीन अंगांनी पुरे होते : बाह्य व्यास, पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर, आणि आट्याच्या दोन बाजूंमधील कोन. या अंगांची मूल्ये बव्हंशी संकेताने ठरतात. म्हणूनच, व्यवहारात नवी भाषा आली तरी जुना शब्द तीत टिकून राहावा, तसे जुने मापही नव्या मापपद्धतीत टिकून राहते. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीची नळी हे याचे बोलके उदाहरण होय.

अशा रायफलीत नळीचा मागील भाग रिसीव्हर नामक पोलादी कोशात आट्यांनी बसविलेला असतो. काडतूस उडाले म्हणजे वायूचा दाब बोल्टला मागे रेटतो. बोल्टचे खुंट रिसीव्हरच्या खाचांत अडकलेले असल्यामुळे तो रेटा रिसीव्हरवर येतो. नळी आणि रिसीव्हर यांना परस्परांपासून विलग होऊ न देण्याचे कार्य आटे करतात. शिवाय नळी किती आत बसते यावर ‘हेडस्पेस’, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जेथे टेकते तेथपर्यंतचे अंतर, अवलंबून असते. इंचाला १२ आटे असल्यास नळीच्या एका पूर्ण फेऱ्यात २.११७ मिलिमीटर सरक होते; फेऱ्याच्या विसाव्या भागात सुमारे ०.१०६ मिलिमीटर. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढल्यास काडतुसाचे पितळी कवच फाटण्याचा धोका संभवतो.

जर्मनीत मेट्रिक पद्धती १ जानेवारी १८७२ पासून कायद्याने अंमलात आली. तथापि १८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या माउझर रायफलीच्या, म्हणजे ‘गेवेर ९८’च्या, नळीवरील आट्यांचा व्यास १.१०० इंच (२७.९४ मिलिमीटर), संख्या इंचाला १२ आणि कोन ५५ अंश आहे. गोळीचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि नळीचे आटे इंचात, अशी ही द्विभाषिक रायफल होय. स्वीडनच्या माउझरचा रिसीव्हर लहान असून तिच्या आट्यांचा व्यास ०.९८० इंच आहे. परंतु १२ ही संख्या आणि ५५ अंशांचा कोन तोच. व्यास बदलला, कुळ बदलले नाही.

या कुळाचा मूळ पुरुष इंग्लंडातील जोसेफ व्हिट्‌वर्थ. १८४१ पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणच्या बोल्टला दुसऱ्या ठिकाणचे नट बसत नसे. व्हिट्‌वर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि ५५ अंशांचा, माथा व बूड गोलसर असलेला आटा सुचविला. म्हणजे त्यांनी प्रमाणभाषा नव्याने घडविली नाही. प्रचलित बोलींच्या मध्यातून ती काढली. इंग्लिश यंत्रांबरोबर हा आटा युरोपात पसरला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुढे आणला. तो घडविण्यास व तपासण्यास सोपा होता. ज्या वर्षी माउझर रायफल स्वीकारली गेली, त्याच १८९८ मध्ये झुरिक येथील परिषदेने मेट्रिक आट्यांसाठी ६० अंशांचाच कोन मान्य केला. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० रायफलीच्या नळीवरही १ १/१६ इंच व्यासाचे, इंचाला १६ आणि ६० अंशांचे आटे आहेत.

दोन कोनांमधील ५ अंशांचे अंतर क्षुल्लक वाटते. धोका नेमका तेथेच आहे. ६० अंशांची नळी, व्यास व संख्या जुळत असल्यास, ५५ अंशांच्या रिसीव्हरमध्ये कित्येकदा फिरून बसतेही. परंतु आट्यांच्या बाजू पूर्ण अंगाने न टेकता अरुंद पट्टीवर टेकतात आणि सर्व ताण तेवढ्यावरच पडतो. हिंदीतील ‘शिक्षा’ हा शब्द मराठी माणसास ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच त्याचा अर्थ तो चुकीचा लावतो. त्यातलाच हा प्रकार. जो आटा मुळीच बसत नाही तो निरुपद्रवी. जो बसल्यासारखा भासतो तो घातक.

लेथवर असे आटे पाडताना हत्याराचे टोक ५५ अंशांत घासून गेजने पडताळावे लागते. लेथचा लीड स्क्रू मेट्रिक असल्यास आणखी एक अडचण येते. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्याच्या पाचपट १२७, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. यास्तव इंचाचे आटे अचूक पाडण्यासाठी गिअरांच्या मालिकेत १२७ दातांचे चक्र घालावे लागते. दोन मापपद्धतींमधला हा दुभाषीच होय. तो नसला तरी जवळपासच्या गुणोत्तरावर काम भागविता येते. मात्र ते भाषांतर नसून भावार्थ ठरतो.

संकेत मानवनिर्मित असतो. परंतु एकदा तो पोलादात कोरला गेला म्हणजे त्याचे पालन ऐच्छिक राहत नाही. जुन्या रायफलीस नवी नळी बसविणाऱ्या कारागिरास १८४१ चे व्याकरण आजही पाळावे लागते.